साइडपट्टी ही विसाव्याची जागा नव्हे
समृद्धी महामार्गावर माल नेणाऱ्या बांधवांसाठी चार गोष्टी

नगर जिल्ह्याचा व्यापार चाकांवर चालतो, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. घोडेगावचा कांदा असो, राहात्याचे पेरू-डाळिंब असो, लोणी आणि काष्टीच्या बाजारातील जनावरे असोत, की श्रीरामपूर-संगमनेरच्या बाजारपेठेतील किराणा आणि कापड असो, हा सारा माल ट्रक, टेम्पो आणि पिकअपवरूनच जातो-येतो. या धंद्यात आपल्या बांधवांचा वाटा मोठा आहे. बागवान, खाटीक, तांबोळी, अत्तार, मन्यार मंडळी मालाची ने-आण करतात. गॅरेजवाले, पंक्चरवाले, बॉडी-बिल्डर आणि वेल्डिंगवाले गाड्या चालत्या ठेवतात. तेव्हा रस्त्याचे नियम हा केवळ पोलिसांचा किंवा आर.टी.ओ.चा विषय नाही, तो आपल्या रोजीचा आणि जिवाचा विषय आहे.

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला. २६ मे २०२३ रोजी शिर्डी ते भरवीर, मार्च २०२४ मध्ये भरवीर ते इगतपुरी आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. आज हा ७०१ किलोमीटरचा रस्ता आपल्या कोपरगाव तालुक्यातून थेट भिवंडीच्या दारापर्यंत जातो. पूर्वी घाटात रात्र घालवणारा माल आता तीन-साडेतीन तासांत मुंबईच्या वेशीवर पोहोचतो. ही मोठी सोय आहे, हे कोणीही नाकारणार नाही.

परंतु रस्ता नवा आला आणि आपल्या सवयी मात्र जुन्याच राहिल्या. मनमाड रोडवर किंवा पुणे रोडवर गाडी बाजूला घेऊन चहा प्यावा, दोरी आवळावी, ताडपत्री सारखी करावी, डुलकी काढावी, फोनवर भाव विचारावा, ही आपली वर्षानुवर्षांची रीत. तीच रीत समृद्धीवर चालवली जाते. डाव्या हाताला रुंद साइडपट्टी दिसते, ती मोकळी दिसते, आणि ड्रायव्हरला वाटते, ही जागा आपल्यासाठीच ठेवलेली आहे. येथेच घात होतो.

साइडपट्टी कशासाठी?

द्रुतगती महामार्गावरील साइडपट्टी आणि जागोजागी रुंद केलेले थांबे हे फक्त अडचणीच्या वेळेसाठी असतात. गाडी बंद पडली, टायर फुटला, इंजिन तापले, गाडीतून धूर निघाला, कोणाला अचानक छातीत दुखू लागले, अशा वेळी गाडी वाहत्या रहदारीतून बाहेर काढता यावी म्हणून ती पट्टी असते. रुग्णवाहिका, अग्निशमन दल आणि क्रेन यांना जायचे असते तेही याच पट्टीवरून. जेवण, चहा, लघवी, फोन, मालाची तपासणी, वाट पाहणे, माणूस चढवणे-उतरवणे यांपैकी काहीही आणीबाणीत मोडत नाही.

कोणी विचारील, पट्टी तीन लेनच्या बाहेर आहे, मग तिथे उभे राहिल्याने कोणाचे काय बिघडते? याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. या रस्त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची आणि मालवाहू गाड्यांना ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. ताशी १२० म्हणजे एका सेकंदाला सुमारे ३३ मीटर. समोर काही उभे आहे हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तरी गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर चांगले ब्रेक आणि कोरडा रस्ता असूनही थांबायला आणखी ७५-८० मीटर लागतात. म्हणजे एकूण १२५-१३० मीटर! रात्री हेडलाइटच्या खालच्या झोतात साधारण ५०-६० मीटरच दिसते. अंधारात, मागचे दिवे बंद असलेला, चिखलाने रेडियम झाकलेला ट्रक दिसेपर्यंत मागच्या ड्रायव्हरच्या हाती काही उरलेले नसते. त्यात हा रस्ता सरळ आणि सिमेंटचा. तासन्‌तास एकसारखे चालवून ड्रायव्हरची नजर जड होते, गाडी नकळत डावीकडे सरकते, आणि उभ्या गाडीचा लाल दिवा पाहून त्याला कधी कधी वाटते की पुढची गाडी चालतेच आहे.

वैजापूरची रात्र

१५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर आपल्या कोपरगावला लागूनच असलेल्या वैजापूर तालुक्यात, जांबरगाव टोल नाक्याजवळ, एक मिनी बस ट्रकच्या मागच्या बाजूवर आदळली. बुलढाणा जिल्ह्यातील सैलानी बाबांच्या दर्ग्याहून नाशिककडे परतणारे भाविक तिच्यात होते. १२ जण जागीच किंवा उपचारापूर्वी गेले. गाडीत तिच्या क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक, सुमारे ३५ माणसे होती, हेही त्या वेळी उघड झाले. ट्रक रस्त्यावर आर.टी.ओ.च्या पथकाने थांबवला होता असा आरोप झाला. पोलिसांनी ट्रकचालकाबरोबरच दोन सहायक मोटार वाहन निरीक्षकांनाही अटक केली.

या घटनेतून दोन्ही बाजूंनी धडा घ्यावयास हवा. कायदा राबवणाऱ्यांनाही वेगवान रस्त्याच्या मध्येच किंवा कडेला गाडी अडवण्याचा परवाना मिळालेला नाही. तपासणी करायची तर ती टोल नाक्यावर, इंटरचेंजवर, उजेडाच्या जागी व्हावी. आणि आपण? गाडी भरताना क्षमता पाहिली नाही, तर उभ्या ट्रकला दोष देऊन गेलेली माणसे परत येत नाहीत.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी राजस्थानातील फलोदीजवळ उभ्या ट्रेलरवर टेम्पो ट्रॅव्हलर आदळून १५ जण मृत्युमुखी पडले. सर्वोच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्यातले प्रवासीही भाविकच होते. रस्ता कोणाचा धर्म विचारत नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२२ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी इतरांना धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशा स्थितीत गाडी उभी ठेवणे मना आहे. कलम १२६ प्रमाणे ड्रायव्हरच्या जागी परवानाधारक माणूस नसेल, तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला असलाच पाहिजे. कलम १२७ प्रमाणे दहा तासांहून अधिक काळ सोडून दिलेली किंवा मनाई असलेल्या जागी उभी केलेली गाडी ओढून नेता येते, आणि त्याचा खर्च मालकाच्या माथी बसतो. कलम २०१ खाली वाहतुकीला अडथळा करणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर ५०० रुपयांपर्यंत दंड आहे.

पाचशे रुपये ऐकून कोणी हसेल. परंतु खरा भुर्दंड पुढे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर धोका किंवा अडथळा निर्माण केल्यास ५,००० रुपयांपर्यंत दंड होतो. कोणाचा जीव गेला, तर कलम १०६ प्रमाणे निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या दंड संहितेत हीच मर्यादा दोन वर्षांची होती.

नुकसानभरपाईचा दावा हा आणखी वेगळा विषय. "आमची गाडी तर उभी होती, धडकला तो," हा बचाव नेहमी चालतोच असे नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असेच प्रकरण आले होते. रस्त्यावर दिवे किंवा खूण न लावता उभ्या केलेल्या गॅस टँकरवर मोटार आदळली होती. उच्च न्यायालयाने मोटारचालकाचाही निम्मा दोष धरला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि दोष टँकरवाल्याचाच ठरवला. आपल्या ट्रकचा विमा चालू असेल, ड्रायव्हरचा परवाना योग्य असेल, तर विमा कंपनी पैसे भरील. पण परवान्यात किंवा परमिटमध्ये खोट निघाली, तर कंपनी आधी भरपाई देऊन नंतर ती मालकाकडून वसूल करू शकते. एका गाडीवर घर चालवणाऱ्या माणसाचे घर त्यात विकले जाते.

गाडी खरोखर बंद पडली तर

अशा वेळी घाबरून न जाता क्रमाने वागावे. गाडीत जीव असेल तर पुढच्या इंटरचेंजपर्यंत किंवा थांब्यापर्यंत सावकाश न्यावी. ते शक्य नसेल, तर साइडपट्टीवर जास्तीत जास्त डावीकडे घ्यावी. स्टिअरिंग डावीकडे वळवून ठेवावे, म्हणजे मागून धक्का बसला तरी गाडी रहदारीत जाणार नाही. चारही इंडिकेटर चालू करावेत, रात्री पार्किंग लाइटही. मग सर्वांनी डाव्या दरवाजाने उतरून लोखंडी कठड्याच्या पलीकडे, गाडीच्या मागच्या दिशेला थोडे दूर उभे राहावे. गाडीत बसून राहू नये, गाडीच्या मागे तर मुळीच उभे राहू नये. टोलच्या पावतीवर किंवा फलकावर महामार्गाचा मदत क्रमांक असतो, तो निघण्यापूर्वीच फोनमध्ये ठेवावा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर मदतीसाठी ११२ आहेच. फोन करताना किलोमीटरच्या दगडावरील आकडा आणि आपण कोणत्या दिशेने चाललो होतो, हे दोन्ही सांगावे.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे चमकणारा लाल त्रिकोण गाडीत असावा लागतो. आपल्याकडे मात्र तो त्रिकोण सीटखाली पडून राहतो आणि रस्त्यावर झाडाची फांदी किंवा दगड ठेवले जातात. काम झाले की गाडी निघून जाते, दगड तिथेच राहतात! पुढच्या माणसाचा टायर त्यावरच फुटतो. ब्रिटनमध्ये मोटरवेवर त्रिकोण ठेवायला मनाई आहे, कारण तो ठेवण्यासाठी चालत जाणे हेच जिवावर बेतते. आमच्या मते आपल्या अंधाऱ्या रस्त्यांवर त्रिकोणाचा उपयोग आहे, पण तो कठड्याच्या पलीकडून चालत जाऊन, गाडीच्या मागे निदान शंभर मीटरवर, पट्टीवरच ठेवता येत असेल तरच ठेवावा. तसे जमत नसेल, तर जीव धोक्यात घालू नये.

उजव्या बाजूचे चाक पंक्चर असेल तर रहदारीकडे पाठ करून स्वतः जॅक लावत बसू नये. गस्ती पथकाला बोलवावे, त्यांनी मागे शंकू लावल्यावरच काम सुरू करावे. आपल्या मिस्त्री आणि पंक्चरवाल्या बांधवांनाही हीच विनंती. गिऱ्हाइकाने फोन केला म्हणून एकट्याने, मागे काही खूण न लावता, मोटारसायकलवरून पट्टीवर जाऊ नका. मुळात दुचाकीला आणि तीनचाकीला या रस्त्यावर बंदी आहे. चमकणारे जॅकेट, चार शंकू आणि एक मजबूत बॅटरी यांचा खर्च एका दिवसाच्या कमाईतून भागतो.

ड्रायव्हरला झोप आली तर?

हा सर्वांत खरा प्रश्न आहे. झोप येणे हाही धोकाच, मग थांबायचे नाही तर करायचे काय? उत्तर असे की, थांबायचेच, पण पुढच्या इंटरचेंजला बाहेर पडून. या रस्त्यावर टोल प्रवेश ते निर्गम या अंतरावर घेतला जातो. त्यामुळे मध्ये बाहेर पडलो तर दुहेरी टोल बसेल, ही भीती फारशी खरी नाही. गेला तर थोडा वेळ जाईल.

आणि येथे मालकांनाही दोन शब्द ऐकवावे लागतील. मालवाहू गाडीने ताशी ८० च्या मर्यादेत नागपूर ते आमणे हे ७०१ किलोमीटर कापायला, कुठेही न थांबता, पावणेनऊ तास लागतात. शिर्डीहून आमणेपर्यंतचे १८१ किलोमीटर मात्र सव्वादोन तासांचेच आहेत. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, अशी मर्यादा घातली होती. तो कायदा आता नव्या श्रमसंहितेत मिसळला असला, तरी माणसाचे शरीर काही बदललेले नाही. दिवसभर बाजारात कांदा भरून घेतलेल्या ड्रायव्हरला त्याच रात्री वाशीला पाठवायचे आणि "पहाटे चारला गाडी लागली पाहिजे, नाहीतर भाडे कापीन," असे बजावायचे, ही तिजारत नव्हे, हा जुलूम आहे. साइडपट्टीवर डुलकी घेणारा ड्रायव्हर आळशी असतो असे नाही. बहुतेक वेळा तो मालकाच्या घाईचा बळी असतो. लांबच्या खेपेला दोन ड्रायव्हर द्यावेत, किंवा एका रात्रीचा विसावा भाड्याच्या हिशेबात धरावा.

जनावरांच्या व्यापाऱ्यांनी अधिक दक्षता घ्यावी. ईदुल अज्हा सध्याची काही वर्षे मे महिन्याच्या आसपास, ऐन उन्हात येते. देवनारकडे बकरे नेणाऱ्या गाड्या पाणी पाजण्यासाठी वाटेत थांबतात. पट्टीवर फाळका उघडला आणि एक जनावर उडी मारून रस्त्यावर आले, तर काय होईल याचा विचार करावा. पाणी निघण्यापूर्वी पाजावे, मधला थांबा इंटरचेंजबाहेर ठरवून ठेवावा, आणि प्रवास रात्रीच्या गारव्यात करावा. तापलेल्या सिमेंटवर झिजलेले आणि रबर चढवलेले टायर फुटतात, म्हणून हवा आणि टायर घरूनच तपासून निघावे.

नमाजसाठी पट्टीवर गाडी लावणारे बांधवही आम्ही पाहतो. त्यांच्या नियतीबद्दल शंका नाही. परंतु प्रवासात रात्री मुक्काम करायचा असेल तर वाटेपासून दूर उतरावे, अशी शिकवण खुद्द पैगंबर (स.) यांनी दिलेली आहे. रस्त्यावरील त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचा भाग सांगितला आहे. मग आपली गाडीच ती त्रासदायक वस्तू होणार असेल तर? वेळेचा अंदाज घेऊन पेट्रोल पंपावर किंवा इंटरचेंजबाहेर थांबावे.

सरकारने काय करावे?

सारा दोष ड्रायव्हरवर ढकलून चालणार नाही. शेकडो किलोमीटरचा कुंपण घातलेला रस्ता बांधायचा, त्यावर ट्रकला विसावा घेण्याच्या पुरेशा जागा, स्वच्छतागृहे, पाणी आणि स्वस्त जेवण यांची सोय मात्र मागाहून करायची, हा उलटा कारभार झाला. सुरुवातीपासून या रस्त्यावर हीच तक्रार आहे. माणसाला लघवीला जागा नाही, तर तो पट्टीवर थांबणारच! ब्रिटनमध्ये काही मोटरवेवरची साइडपट्टी काढून तिची रहदारीची लेन केली आणि त्याऐवजी दूर दूर अंतरावर नारिंगी रंगाचे आपत्कालीन थांबे ठेवले. लोकांचा विश्वास बसला नाही, आणि एप्रिल २०२३ मध्ये तेथील सरकारला असे नवे रस्ते बांधणे रद्द करावे लागले. थांबण्याची सोय हा रस्त्याचाच भाग आहे, ती वरून लावलेली शोभा नव्हे, हाच त्यातला बोध.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे, तर शिर्डी इंटरचेंजजवळ मोठा ट्रक-थांबा, रात्रभर चालणारे गॅरेज, टायरचे दुकान आणि साधी खानावळ यांची गरज आहे. कोपरगाव-राहात्याच्या तरुणांनी, विशेषतः आपल्या मिस्त्री कुटुंबांतील मुलांनी, इकडे धंद्याच्या दृष्टीनेही पाहावे. चार-पाच जणांनी मिळून बाहेरच्या रस्त्यावर जागा भाड्याने घ्यावी, उजेड आणि पाणी ठेवावे, ड्रायव्हरला झोपायला दोन खाटा टाकाव्यात. गाड्या आपोआप वळतील. हलाल रोजी मिळेल आणि कोणाचा तरी जीव वाचेल.

उसाचा हंगाम सुरू झाला की जिल्ह्याच्या इतर रस्त्यांवर हाच प्रश्न दुसऱ्या रूपाने उभा राहतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रेडियम नाही, आणि चाक मोडले की रात्रभर रस्त्यातच! मागे लाल, बाजूला पिवळी आणि पुढे पांढरी चमकती पट्टी लावायला फार खर्च येत नाही. कारखान्यांनी ती लावल्याशिवाय ट्रॉली गेटमध्ये घेऊ नये.

शेवटी एकच सांगणे. मदत करण्यासाठी थांबणाऱ्याला कायद्याचे भय बाळगण्याचे कारण नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ घालून अशा माणसाला संरक्षण दिले आहे. पण मदत करतानाही आपली गाडी सुरक्षित जागी लावून, फोन करूनच करावी. प्रत्येक मालकाने या आठवड्यात आपल्या गाडीचा मागचा दिवा, रेडियम, त्रिकोण आणि स्टेपनी एकदा स्वतः पाहावी, आणि ड्रायव्हरला स्पष्ट सांगावे, "उशीर झाला तर चालेल, झोप आली तर इंटरचेंजला उतर, भाडे कापणार नाही." हा एक शब्द दंडाच्या कोणत्याही पावतीपेक्षा अधिक काम करील, असा आमचा विश्वास आहे.